उर्फ : शेलमधल्या टोपणनावांचा इतिहास आणि आपली नोंदवही

पेशवाईबद्दलचं काहीही वाचायला घेतलं की 'उर्फ' हा शब्द भेटतोच. रघुनाथराव उर्फ राघोबादादा. बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब. मला हा शब्द फार प्रामाणिक वाटतो. तो दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवतो, त्यामुळे अडीचशे वर्षांनी कागद उघडणाऱ्याला माणूस कोण ते कळतं. इंग्रजीत यालाच 'एलियस' म्हणतात आणि युनिक्सच्या शेलमध्ये याच नावाची एक आज्ञा आहे. एखाद्या लांबलचक आज्ञेला छोटं नाव द्यायचं, पुढच्या वेळी तेवढंच टाइप करायचं, बाकीचं शेल भरून घेतं. पण शेलमधलं उर्फ आपल्या उर्फसारखं वागत नाही. नोंदीत फक्त टोपणनाव उरतं, मूळ नाव कुठल्या तरी दुसऱ्याच फाइलमध्ये असतं, आणि ती फाइल बहुतेकदा माणसाबरोबर निघून जाते.

हे आज लिहायचं कारण असं, की तुमच्यापैकी बरेच जण येत्या वर्षभरात कुठल्या ना कुठल्या क्लस्टरवर पहिल्यांदा लॉगिन करणार आहात. आणि पहिल्याच आठवड्यात कोणी तरी सिनियर प्रेमाने आपली तयार फाइल देईल : 'ही टाक, सगळं सोपं होईल.' सोपं होतं, खरंच होतं. फक्त ते कुणासाठी सोपं होतं, हे बघायचंय.

(नेहमीची सूचना : या ब्लॉगवर आज्ञासुद्धा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते. 'एलएस' म्हणजे फाइलींची यादी देणारी आज्ञा, 'आरएम' म्हणजे पुसणारी. तुम्हाला टाइप करताना रोमन अक्षरंच लागतील.)

गोष्ट युनिक्सच्याही आधी सुरू होते. १९६३-६४ च्या सुमारास एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली होती, एकाच यंत्रावर अनेकांना एका वेळी काम करू देणारी. तिथे लुई पुझँ नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 'रनकॉम' लिहिलं. रोज त्याच त्या आज्ञा क्रमाने द्याव्या लागतात, तर त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवू आणि ती फाइलच चालवू, इतकी साधी कल्पना. 'शेल' हा शब्दही पुझँचाच. आज आपल्या होम डिरेक्टरीत जी 'बॅशआरसी' नावाची लपलेली फाइल असते, तिच्या शेवटचं 'आरसी' हे त्या रनकॉमचं उरलेलं रूप आहे. म्हणजे ज्या फाइलमध्ये आपण टोपणनावं लिहून ठेवतो, त्या फाइलचं नावच एक लघुरूप आहे आणि त्याचा मूळ अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो! पुढच्या सगळ्या म्हणण्याचा नमुना इथेच मिळतो.

सीटीएसएसनंतर आलेल्या मल्टिक्समध्ये 'अ‍ॅब्रेव्ह' नावाची सोय होती. वापरणाऱ्याने आपली लघुरूपं स्वतःच्या प्रोफाइलमध्ये साठवायची आणि टाइप केलेल्या ओळीत ती दिसली की मल्टिक्सने त्यांच्या जागी पूर्ण मजकूर घालायचा. काही लघुरूपं ओळीच्या सुरुवातीलाच उलगडतील अशीही ठेवता येत. आजच्या एलियसचा हा सरळ पूर्वज. बेल लॅब्ज मल्टिक्समधून बाहेर पडली आणि केन थॉम्प्सन, डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, तेव्हा मात्र ही सोय त्यात आली नाही. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतलं थॉम्प्सन यांचं शेल अगदी किरकोळ होतं. गरजच कमी होती म्हणा, कारण आज्ञाच आखूड होत्या : एलएस, सीपी, एमव्ही, आरएम. त्या काळचा टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला फार तर दहा अक्षरं छापायचा आणि त्याच्या कळा जोर लावून दाबाव्या लागत. बोटं दुखली की माणूस अक्षरं गाळतो. थॉम्प्सन यांना पुढे कोणी तरी विचारलं की युनिक्स पुन्हा लिहिलंत तर काय बदलाल, तेव्हा ते म्हणाले, 'क्रिएट' या सिस्टिम कॉलच्या नावाशेवटी गाळलेला ई लावेन. विनोद आहे, पण एका अक्षराची काटकसर किती वर्षं पुरते तेही त्यातून दिसतं.

एलियस शेलमध्ये आलं ते बर्कलीतून. बिल जॉय हा तिथला विद्यार्थी. त्याचं सी शेल १९७९ च्या दुसऱ्या बर्कली संचाबरोबर बाहेर पडलं आणि त्यात दोन गोष्टी जोडीने होत्या : 'हिस्टरी', म्हणजे आधी दिलेल्या आज्ञांची आठवण, आणि 'एलियस'. दोन्ही समोर बसून टाइप करणाऱ्या माणसाच्या सोयीच्या. त्याच वर्षी बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तीत स्टीव्ह बॉर्न यांचं शेल होतं. बॉर्न शेलमध्ये एलियस नव्हतं. ते शेल प्रोग्रॅम लिहिण्यासाठी चांगलं होतं, हाताने वापरायला रुक्ष. त्यामुळे वर्षानुवर्षं लोक टाइप करायला सी शेल आणि स्क्रिप्ट लिहायला बॉर्न शेल अशी दोन दारांची घरं सांभाळत राहिले. माझ्या मते एलियसच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ते बोलण्याच्या बाजूचं बाळ आहे, लिहिण्याच्या बाजूचं नाही.

पुढचं भराभर सांगते. डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ मध्ये कॉर्न शेल जाहीर केलं आणि दोन्ही घरं एका छपराखाली आणली. १९८४ च्या सुमारास बॉर्न शेललाही फंक्शन मिळाली. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचं बॅश आलं, आज बहुतेक लिनक्सवर तेच असतं. बॅशमध्ये एलियस आहे, पण त्याला स्वतःचे आर्ग्युमेंट घेता येत नाहीत. टोपणनावाच्या जागी मजकूर ठेवला की त्याचं काम संपलं. बॅशच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेतच सुचवलंय की जवळपास सगळ्या कामांसाठी फंक्शन बरं. आणि मुख्य म्हणजे, स्क्रिप्ट चालताना बॅश एलियस उलगडतच नाही, मुद्दाम सांगितल्याशिवाय. सत्तरच्या दशकातली ती बोलण्या-लिहिण्याची फाळणी नियमाच्या रूपात अजून जिवंत आहे.

आता पुण्यात येऊ. मी राहते खराडीत. ईऑन आयटी पार्कजवळच्या टपरीवर संध्याकाळी उभं राहिलं की सर्व्हर, टर्मिनल, डिप्लॉयमेंट हे शब्द चहा-क्रीमरोलइतक्या सहज कानावर पडतात. याच खराडीत झेन्सारचं आवार आहे. पुण्याच्या संगणक उद्योगाचा इतिहास शोधायला निघालात आणि 'झेन्सार' एवढाच शब्द घेऊन ऐंशीच्या दशकातली वर्तमानपत्रं चाळलीत, तर हाती काही लागणार नाही. हे नाव २००० सालचं. त्याआधी ती आयसीआयएल होती, आणि तिचं मूळ आयसीआयएममध्ये, म्हणजे साठच्या दशकात पुण्यात सुरू झालेल्या इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स इंडियन मॅन्युफॅक्चर या कंपनीत. तीन नावं, एक वंशावळ. हे तीन दुवे जुळतात, कारण नाव बदलताना कुठे तरी 'पूर्वीची अमुक' असं छापलेलं असतं. म्हणजे उर्फची दोन्ही अंगं कागदावर असतात.

यंत्रांच्या बाबतीत हे इतकं सरळ नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा राहिला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. त्यानंतरच्या तीन यंत्रांकडे शेलच्या नजरेने बघा. परम १०००० (१९९८) सनच्या यंत्रांचा, त्यावर सोलारिस. परम पद्म (२००३, हा बंगळुरूला बसवला) आयबीएमचा, त्यावर एआयएक्स. पुण्यातला परम युवा (२००८) लिनक्सचा. तिन्ही युनिक्सच्याच घरातले. पण त्या काळच्या सोलारिसचं मूळचं शेल बॉर्न, ज्याला एलियस ठाऊकच नाही. एआयएक्सचं कॉर्न. लिनक्सचं बॅश. अर्थात प्रत्येक यंत्रावर दुसरी शेलंही वापरता येतात, आणि लोक वापरतातच. तरी दहा वर्षांत या तिन्हींवर काम करणारा संशोधक डोळ्यांसमोर आणा. त्याचा सी किंवा फोरट्रानमधला प्रोग्रॅम थोड्याफार दुरुस्तीने पुढच्या यंत्रावर गेला असेल, निकाल प्रबंधात आणि शोधनिबंधांत छापून आले असतील. टोपणनावांची फाइल मात्र कोणी ग्रंथालयात जमा करत नाही. खातं बंद झालं की ती गेली. संगणकाचा इतिहास शिकणारीला यंत्राचा वेग, किंमत, उद्घाटनाचा फोटो हे सगळं मिळतं. त्या यंत्रासमोर बसलेला माणूस रोज काय टाइप करत होता, ते मिळत नाही.

गेलं तर गेलं, वैयक्तिक सोय होती ती, असं कोणी म्हणेल. मीही तसं म्हटलं असतं, पण एका प्रकल्पात मदत करताना एका माजी संशोधकाचं काम पुढे नेण्याची वेळ आली. जुन्या मराठी वर्तमानपत्रांचं स्कॅनिंग करून अक्षरओळख केलेला मजकूर आणि त्यावरून काढलेला शब्दगणनेचा एक तक्ता, असा तो वारसा. तक्ता कसा आला हे विचारल्यावर सर्व्हरवरची बॅशची हिस्टरी फाइल मिळाली. बरोबर २००० ओळी, कारण उबुंटूची मूळ मर्यादा तेवढीच असते. त्याआधीच्या ओळी केव्हाच गळून गेलेल्या. आणि ज्या होत्या त्यांतल्या कामाच्या ओळी अशा : 'जीओ', मग 'क्लीन', मग 'आर३', पुन्हा 'क्लीन'. प्रत्येक शब्द टोपणनाव. बॅश हिस्टरीत तुम्ही टाइप केलेली ओळ ठेवतं, उलगडलेली नाही. आणि टोपणनावं लिहिलेली फाइल त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर होती, तो लॅपटॉप आता नव्हता.

सगळा पेच 'क्लीन'मध्ये होता. ते जुने निकाल पुसत होतं, की मजकूर स्वच्छ करत होतं? मजकूर स्वच्छ करत असेल तर कशाने? हा प्रश्न मराठीसाठी क्षुल्लक नाही. विरामचिन्हं काढायची म्हणून बाइट-बाइटने चालणारं साधन वापरलं, तर 'अक्षरं सोडून बाकी उडव' या सूचनेवर देवनागरी सगळीच उडू शकते. दुसरी काही साधनं व्यंजन ठेवतात पण काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरं नव्हेत असं समजून काढून टाकतात. मग 'काम' आणि 'कमी' यांचं एकच 'कम' होतं आणि मोजणीत एका ढिगात पडतं. तक्त्यातले काही आकडे संशयास्पद फुगलेले दिसत होते, पण त्याचं कारण 'क्लीन' होतं की मूळ वर्तमानपत्रांची भाषाच, हे ठरवायला काहीच आधार नव्हता. त्या संशोधकांना विचारलं. ते मनापासून आठवायचा प्रयत्न करत होते, पण चार वर्षांपूर्वीचं टोपणनाव त्यांनी दरम्यान दोनदा बदललं होतं. शेवटी तो तक्ता बाजूला ठेवून मोजणी पहिल्यापासून केली. दोन महिने.

इथे मला मोडी आठवते. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर मोडीत आहे आणि मोडीचा कारकून लघुरूपांवर जगायचा. राजश्री लिहायचं नाही, रा।। लिहायचं. मुक्कामचं मु।।. चांद्र तारखेआधी नुसता छ. हात उचलायला नको म्हणून लपेटीदार वळण, आणि वेळ जायला नको म्हणून अर्धे शब्द. टेलिटाइपपुढच्या माणसासारखंच त्याचंही बोट दुखत असणार! एकेका लघुरूपाचे दोन-दोन अर्थही निघतात आणि संदर्भ बघून ठरवावं लागतं. तरी ते कागद वाचता येतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चारेक वर्षांत या दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, ते उगाच नाही. कारण रा।। हे एका कारकुनाचं खासगी नव्हतं. पुण्यात बसलेल्या आणि दूर मुलखात गेलेल्या, दोघांनाही तेच शिकवलेलं होतं. मोडी शिकवणाऱ्या पुस्तकांत आजही लघुरूपांची यादी असते.

'क्लीन' त्या अर्थाने लघुरूप नाहीच. ती एकट्या माणसाची सांकेतिक भाषा आहे, आणि त्याने ती लपवायची म्हणून केलेलीही नाही.

मग सगळ्यांना माहीत असलेली, प्रणालीबरोबरच येणारी टोपणनावं तरी सुरक्षित असतील? 'एलएल' घ्या. सगळे वापरतात, ही खरी आज्ञाच आहे असं कित्येकांना वाटतं. उबुंटूत ते 'एलएस'ला ए, एल आणि एफ असे तीन पर्याय जोडतं, म्हणजे लपलेल्या फाइलीही दाखवतं. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर, जे बऱ्याच क्लस्टरवर असतं, ते फक्त एल आणि रंग जोडतं; लपलेल्या फाइली दिसत नाहीत. समजा एका डिरेक्टरीत तीन साध्या फाइली आणि एक लपलेली आहे. 'एलएल'चा निकाल ओळी मोजणाऱ्या आज्ञेकडे पाठवला, तर लॅपटॉपवरच्या उबुंटूत ७ येतील (एकूण आकाराची ओळ, एक टिंब, दोन टिंबं, लपलेली एक आणि तीन फाइली) आणि क्लस्टरवर ४. फाइली मोजायच्या असतील तर पहिला आकडा चूक, आणि दुसरा लपलेली धरून बरोबर आला तरी निव्वळ योगायोगाने. 'नमुन्यांची संख्या' म्हणून हा आकडा कुणाच्या प्रबंधात गेला नसेल अशी आशा करू.

'आरएम'चं याहून नाजूक आहे. रेड हॅटच्या परंपरेत रूट वापरकर्त्याला 'आरएम' हे पुसण्याआधी विचारणारं रूप म्हणून टोपणनावाने मिळतं, आणि बरेच लोक ते आपल्याही फाइलमध्ये लावून घेतात. हाताला सवय होते : आधी लिहू, ते विचारेलच. मग तीच ओळ स्क्रिप्टमध्ये जाते. तिथे एलियस उलगडत नाही, कोणी विचारत नाही, डेटा जातो. त्यात आणखी एक बारीक गोम आहे. तीच स्क्रिप्ट 'सोर्स' करून चालू शेलमध्येच चालवली, तर टोपणनावं लागू होतात. वेगळी चालवली किंवा स्लर्मच्या रांगेत टाकली, तर होत नाहीत. एकच फाइल, दोन वागणुकी. 'माझ्याकडे चालतंय' या वाक्यामागे अनेकदा एवढंच असतं.

यावर मी करते ते सांगते, नियम म्हणून नाही. टोपणनावं मीही ठेवते, पण फक्त इकडे-तिकडे जाण्यासाठी आणि बघण्यासाठी. ज्या आज्ञेने डेटा बदलतो किंवा आकडा तयार होतो, ती टोपणनावात ठेवत नाही. ती नाव दिलेल्या स्क्रिप्टमध्ये जाते आणि स्क्रिप्ट प्रकल्पाच्या गिटमध्ये. नव्या यंत्रावर गेले की ओळखीच्या आज्ञेआधी एकदा 'टाइप' ही आज्ञा लावून बघते. समोरचा शब्द खरा प्रोग्रॅम आहे, फंक्शन आहे की एलियस, ते ती सांगते. मूळ आज्ञाच हवी असेल तर शब्दाआधी उलटी तिरकी रेघ दिली की टोपणनाव बाजूला पडतं. आणि महिन्यातून एकदा नुसतं 'एलियस' टाइप करून जी यादी येते, ती तारीख घालून वहीच्या फोल्डरमध्ये टाकते. हिस्टरीला वेळेचा शिक्का लावणारं चल, हिस्टटाइमफॉरमॅट, पहिल्याच दिवशी सेट करा. एरवी बॅश आज्ञा ठेवतं, पण ती केव्हा दिली ते ठेवत नाही. सिनियरची फाइल जरूर घ्या, फक्त तिच्यातली प्रत्येक ओळ वाचून घ्या. न समजलेली ओळ त्यांनाच विचारा, ते अजून कॉरिडॉरमध्ये भेटताहेत तोवर.

जाता जाता एक गंमत. बॅशमध्ये एलियसच्या नावावर बंधनं फार थोडी आहेत : तिरकी रेघ, डॉलर, बरोबरचं चिन्ह आणि शेलला खास अर्थ असलेली चिन्हं चालत नाहीत, एवढंच. त्यामुळे देवनागरी चालतं. 'यादी' हे 'एलएस'चं टोपणनाव करून बघा, युनिकोड टर्मिनलवर ते बिनबोभाट काम करतं. व्हेरिएबलच्या नावाला मात्र ही मुभा नाही, तिथे रोमनच लागतं. मी 'यादी' आठवडाभर वापरलं. दर वेळी कळफलक मराठीवर न्यायचा आणि परत आणायचा, म्हणजे दोन अक्षरांची बचत करायला निघालेल्या सोयीसाठी जास्तच कळा दाबल्या जातात. पण माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने पडद्यावर 'यादी' वाचलं आणि काय चाललंय ते तिला न विचारता कळलं. 'एलएल'बद्दल तिने मला तीनदा विचारलं होतं.